सूज आवरणाऱ्या तांडेल मॅडम

तांडेल मॅडम गेल्याचं मला माटुंग्याच्या बाजारात कळलं. त्यांच्या भाचीचा फोन होता. भाजीची पिशवी बाजूला ठेवून मी एका दुकानाच्या पायरीवरच बसले. “मावशी झोपेत गेली, त्रास नाही झाला,” ती सांगत होती. तिला सांगावंसं वाटत होतं, की आमच्या घरातली माणसं आज चालतीबोलती आहेत ती तुझ्या मावशीमुळे... पण तोंडातून नुसतं “हो, हो” निघालं. काही आठवडे उलटलेत. तेव्हा राहिलेलं आता सांगते.

ते गिरण्यांच्या संपाचं वर्ष होतं. आम्ही डिलाईल रोडच्या चाळीत राहायचो. बाबा गिरणीत साच्यावर होते, म्हणजे कापड विणायचे. संपामुळे घरीच होते. त्यांची दाढ ठणकायला लागली म्हणून लालबागला जाऊन काढून घेतली, आणि संध्याकाळी गाल सुजला, मग ओठ, मग गळा. श्वास अडकू लागला तसं शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं आणि टॅक्सीत घातलं. परळच्या हॉस्पिटलात ॲलर्जी समजून इंजेक्शनं दिली, पण सूज ढिम्म हलेना. शेवटी गळ्याला भोक पाडून नळी बसवली, तेव्हा कुठे जीव वाचला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. रक्तातल्या प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर तांडेल. खाटेच्या कडेला बसून त्यांनी आईला विचारलं, “घरात आणखी कुणाला असं होतं?” आईने आधी सांगितलं ते वेगळंच. “ह्यांचा हात अधनंमधनं सुजतो म्हणून मी घरात मासे बंद केलेत.” मॅडम हसल्या. “मी वरळी कोळीवाड्यातली. माझ्यासमोर माशांना बोल लावू नका. खुशाल खा.” मग एकेक निघत गेलं. माझी आत्या गावी गळा सुजूनच गेली होती, आणि लोक म्हणाले होते, बाहेरचं झालं. आणि मी... माझं पोट असं दुखायचं की अपेंडिक्स म्हणून मला एकदा ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेलं होतं. मॅडमनी आम्हा दोघांचं रक्त घेतलं, बर्फात ठेवलं आणि स्वतःच प्रयोगशाळेत घेऊन गेल्या.

रिपोर्ट आल्यावर त्यांनी जे समजावलं ते मला आजही पाठ आहे. रक्तात जंतूंवर तुटून पडणारी पूरक प्रथिनं असतात. एक जागं झालं की ते दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला. पण त्यांना आवरणारंही कुणी लागतं, नाहीतर ती विनाकारण खर्ची पडत राहतात. अगदी पहिल्या प्रथिनालाच धरून निकामी करणारं एक प्रथिन असतं, आणि आमच्या घरात तेच कमी तयार होत होतं. “हेच प्रथिन रक्तातल्या आणखी एका यंत्रणेला आवरतं,” त्या म्हणाल्या. “ती मोकाट सुटली की बारीक नसांतून पाणी झिरपतं आणि सूज येते. आतड्याला आली की पोट दुखतं. ही ॲलर्जी नाहीच, म्हणून ती इंजेक्शनं चालली नाहीत.”

बाबांची नळी तेव्हा निघाली होती. घोगऱ्या स्वरात त्यांनी एवढंच विचारलं, “मॅडम, माझ्या पोरीलाही आहे का?”

“आहे,” त्या म्हणाल्या. “पण आता आपल्याला माहीत आहे.”

त्या ‘आपल्याला’वर आमचं घर पुढे उभं राहिलं. गिरणी काही बाबांना परत मिळाली नाही. एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले, पण ते प्रथिन वाढवणारी एक गोळी मॅडमनी सुरू केली होती, तिच्यावर म्हातारे होऊन गेले. मला ती गोळी त्यांनी मुद्दाम दिली नाही, मुलींना तिचा त्रास होतो म्हणून. जोराची सूज आली की मला हॉस्पिटलात प्लाझ्मा चढवत. दुसऱ्याच्या रक्तातलं ते आवरणारं प्रथिन त्यातून मिळायचं.

लग्न ठरताना आई म्हणाली, सांगायचं कशाला? मॅडमनी ऐकलं नाही. त्या माझ्याबरोबर प्रभादेवीला मुलाच्या घरी आल्या आणि पोह्यांची बशी हातात धरूनच म्हणाल्या, “मुलांना हा आजार होण्याची शक्यता अर्धी-अर्धी आहे. सांभाळायचं कसं, ते मी शिकवीन.” मग माझे हे म्हणाले, “मग आत्ताच शिकवा ना, मॅडम.”

मुलगा झाला. त्याचा पहिला वाढदिवस होईपर्यंत मॅडमनी तपासणी पुढे ढकलली, कारण तान्ह्या बाळाच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. त्यालाही आजार निघाला. मी त्यांच्या खोलीत खूप रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, “तुझ्या आत्याला कळलंच नाही. बाबांना जिवावर बेतल्यावर कळलं. ह्याला नीट चालता येण्याआधी कळलंय, अगं...” पुढे त्याचा दात काढायचा झाला तेव्हा आधी प्लाझ्मा दिला, मग दात काढला. थोडीही सूज आली नाही.

निवृत्त झाल्यावरही त्यांचा फोन आमच्यासाठी चालू असे. मुलगा कुठे सूज आली म्हणाला की आधी त्याला म्हणायच्या, “काल काय जेवलास ते सांग.” जेवणाशी त्याचा काही संबंध नसे. गळ्यात सूज येऊ लागली की आवाज बदलतो, तो त्यांना ऐकायचा असे.

गेल्या रविवारी बंगळुरूहून मुलाचा फोन आला, ओठ सुजलाय म्हणून. माझ्या तोंडून आपसूक निघालं, “काल काय जेवलास?” तो सांगायला लागला. डाळ करपली, भात कच्चा राहिला, शेवटी बाहेरून डोसा मागवला. आवाज स्वच्छ होता. तरी मी म्हटलं, हॉस्पिटलात जाऊन बस.

“निघालोय गं, रिक्षातच आहे,” तो म्हणाला. “तू ऐकत राहा.”

तो हॉस्पिटलच्या दारात उतरेपर्यंत मी ऐकत राहिले.