आमच्या शेतावरचा कारखाना

पिंपरीच्या कारखान्यात तो माझ्या शेजारच्या टेबलावर कारकून होता. त्यांच्या घरातला पहिलाच पदवीधर. इंग्रजी फर्डं बोलायचा, पण मराठीतलं गावचं 'हाय' आणि 'न्हाई' त्यानं कधी सोडलं नाही. आम्ही हसलो की तोही हसायचा आणि तसंच बोलायचा.

व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी कलकत्त्याला अर्ज करायचा म्हणून तो मॅनेजरसाहेबांकडे शिफारस मागायला गेला. फायली घेऊन मीही तिथेच उभा होतो.

"वडील शेतकरी ना तुझे? मग हे कशाला?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या शेतावरच हा कारखाना उभा हाय, साहेब. आता तो चालवायला शिकावं म्हणतो."

साहेब कोरा कागद पुढे ओढत म्हणाले, "बसा."

शिफारसपत्र लिहून होईपर्यंत तो त्यांच्यासमोर खुर्चीत आरामात टेकून बसला होता.