धोंडाबाईची बंगाली सून

कोऱ्हाळ्याच्या धोंडाबाईचा विश्वास म्हणून कुणावर नव्हता. दूधवाल्याच्या मापात बोट बुडवून बघणार, देवळात हात जोडले तरी एक डोळा चपलांवर. नवरा मेंढरं राखायचा तेव्हापासूनची सवय. कळपात परकं मेंढरू घुसलं की हिला आधी कळायचं. पुढं मेंढरं गेली, कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, बाईची नजर काही बदलली नाही.

आणि अशा बाईच्या घरात लेकानं बंगालची सून आणून ठेवली! लेक माऊली ट्रकवर ड्रायव्हर. डाळिंबं घेऊन कलकत्त्याला गेला नि येताना बायको घेऊन आला. तिचं तिकडचं नाव सासूच्या जिभेला जमेना, म्हणून तिची संजीवनी झाली. पोर गुणी होती हो! पण धोंडाबाईला पटेल तर शप्पथ. भाकरी थापताना पोर आपल्या बोलीत काही गुणगुणली की हिचे कान टवकारायचे. "माझ्या नावानं बोटं तर मोडत न्हाय ही?"

त्यात अठ्ठ्याण्णव साल आलं. मुंबईत सरकार बांगलादेशी हुडकत होतं, रेल्वेत बसवून सीमेवर सोडत होतं. त्यात बांगलादेशचा कोण नि आपल्या बंगालचा कोण, हे बघायला कुणाला सवड होती? परक्यांना हाकला म्हणणाऱ्या पक्षाची पाटी गावातही लागली. शाखाप्रमुख झाला शेजारणीचा, आक्काबाईचा पोरगा सर्जेराव.

कालव्यावर धुणं धुताना आक्काबाईनं सुनेची चौकशी केली. धोंडाबाईचं तोंड ते, थांबतंय थोडंच! "कुणाला ठावं, आक्का. बंगालची म्हणती. बांगलादेशची न्हाय कशावरनं?"

मागं घागर घेऊन संजीवनी उभी होती. तिला आता मराठी चांगलं कळत होतं. तिनं घागर भरली नि घरी गेली.

आठवडा गेला नसेल, दारात जीप उभी. माऊली ट्रकवर, लांब कुठंतरी. सर्जेराव फौजदाराला घेऊन आला होता. "मावशी, सुनंला बाहेर बोलवा."

धोंडाबाईला घामच फुटला. आपलंच बोलणं दारात आलं की! माऊलीला काय तोंड दाखवायचं? आणि सून कशीही असो, माझी हाय. तिला जीपमध्ये घालणारा हा काल-परवाचा शेंबडा कोण? ती उंबऱ्यातच ठाण मांडून बसली.

"सायेब, माझ्या सख्ख्या भावाची लेक हाय ती. भाची सून केली, ह्यो गुन्हा हाय व्हय? म्हायेराला गेलीय."

"अवो मावशी, तुमीच तर आईला म्हणलात—"

"मी? तुझ्या आईच्या कानाचं बघ आधी, मुडद्या!"

फौजदार उन्हानं वैतागला होता. "उद्या येतो. तिला हजर ठेवा," म्हणून जीप वळली.

धोंडाबाई धावतच आत गेली. तव्यावर भाकरी करपत होती, मागचं दार उघडं होतं. दारापासून कालव्यापर्यंत डोक्याच्या वर गेलेला ऊस.

"संजे! ये गं बाहेर! गेली ती मानसं, मी हाकलली त्यांस्नी!"

आत कुठंतरी पाचट वाजलं. पोर तिथंच होती. धोंडाबाई उसात शिरली. पानं तोंडाला कापत होती, दोन्ही हातांनी ऊस बाजूला सारताना डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात रिकामे नव्हते.

"भिऊ नको, बाळा! दुसरं कोन न्हाय, मी हाय! तुझी सासू!"

ते ऐकलं मात्र, नि उसातली सळसळ जिवाच्या आकांतानं कालव्याकडं पळत सुटली.