बंबचाचांची आग

बंबचाचांनी उभं आयुष्य आगी विझवल्या आणि म्हातारपणी लावायला सुरुवात केली. आखातात ते फायरमन होते. निवृत्त होऊन भाट्याच्या खाडीपलीकडे, सड्यावरच्या आमच्या गावात परतले ते लाल हेल्मेट, जाडजूड कोट आणि आगीबद्दल कमालीचा आदर घेऊन. घरात मात्र त्यांना काडी ओढायची बंदी होती. चाची सांगायच्या, "ह्यांना गॅस पेटवायला सांगितला तर आदी खिडक्या उघडतात, मग सगल्यांना भायेर जायचा रस्ता दाखवतात. तवर मी शेजारी जाऊन च्या पिऊन येते."

आमचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान. पावसाळ्यानंतर तिथे कमरेएवढं गवत माजतं आणि फाल्गुनापर्यंत वाळून कोरडंठाक होतं. मग कुणाच्या तरी विडीचं थोटूक पडतं आणि वणवा थेट बागांत शिरतो. माझी काजूची बाग आणि चाचांची हापूसची कलमं अगदी सड्याच्या कडेला, एकमेकांना लागून. चाचांनी उपाय काढला. थंडीत, गवतात थोडं दंव असतानाच बागांच्या कडेनं एक पट्टा आपणच जाळून टाकायचा, म्हणजे वणवा आला तरी त्याला खायला काही उरत नाही. "आग पाव्हणी हाय," ते म्हणायचे. "तिला आदीच जेवाय घातला तर ती मागनं घर मागत नाय."

जाळायचा दिवस म्हणजे सोहळा असे. सकाळचा जमिनीकडून वाहणारा मतलई वारा पडलेला आणि समुद्रावरचा खारा वारा अजून उठायचा, एवढ्या मधल्या वेळात काम उरकायचं. वाऱ्याचा कल बघायला चाचा चाचींची टाल्कम पावडर हवेत उडवायचे. पट्टा जळून होईस्तोवर सड्यावर असा वास सुटायचा, की लग्नाच्या मांडवाला आग लागली असावी. सगळा सडा जाळायला मात्र त्यांची सक्त मनाई. "सगला जाळलास तर ससा काय तुझ्या पडवीत ऱ्हायला येनार?" पुढे त्या काळ्या पट्ट्यावर हिरवे कोंब फुटले आणि गावची गुरं तिकडे धावली, की चाचा ते कोंब स्वतः पेरल्यासारखे मिशीतल्या मिशीत हसायचे.

काडी ओढण्याआधी नोटीस असे. कोट, हेल्मेट अशा थाटात चाचा डबा बडवत गवतातून फिरायचे. "चला रे! साप, ससे, लावे, सगले भायेर! मागनं बोलू नका सांगितला नाय म्हनून!" बाहेर कधी कुणी येत नसे. एकदा मी ते बोलून दाखवलं.

"लाजतात ते," चाचा म्हणाले. "तू पाठ फिरव."

मग आम्ही दोघे गवताकडे पाठ करून उभे राहिलो. तेव्हापासून तो रिवाजच झाला.

पट्ट्याची सुरुवात नेहमी माझ्या कुंपणापासून, त्यांची बाग शेवटी. "पयला शेजाऱ्याचा. आपला काय, आपल्या हातात हाय."

एका वर्षी माझा पट्टा झाला, त्यांच्या बाजूला काडी लागली आणि खालून भोंगा वाजवत बंब आला. खालच्या वाडीत जाधव गुरुजी मुंबईची नोकरी संपवून नुकतेच राहायला आले होते. अत्यंत दक्ष माणूस. त्यांनी धूर बघितला आणि फोन केला. बंब बघून चाचांचा ऊर भरून आला. त्यांनी खाडकन सलाम ठोकला. मग बंबावरच्या दोघांना झापलं, "पायप असा गुंडालतात?" चाचांचा कोट त्यांच्यापेक्षा भारी होता, त्यामुळे बिचाऱ्यांनी पाइप मुकाट्यानं उलगडून पुन्हा गुंडाळला. तो नीट झाल्यावर त्यांनी तोच पुन्हा सोडला आणि चाचांची आग विझवायला घेतली.

"अरे, ही माझी हाय!" चाचा ओरडले.

"सगळे असंच म्हणतात, चाचा," त्यांच्यातला मोठा म्हणाला.

गवत दोन दिवसांत सुकलं. राहिलेला पट्टा उरकू या म्हणून मी मागे लागलो, चाची लागल्या, खजील झालेले गुरुजी तर काड्यांची पेटी घेऊनच आले. चाचा ऐकेनात. "ड्युटीवरच्या मानसानी इझवलेली आग परत लावायची नाय. बंबाचा अपमान व्हतो." या तत्त्वापुढे आम्ही हात टेकले.

फाल्गुनात भर दुपारी वणवा आला. माझ्या काळ्या पट्ट्याशी येऊन मटकन बसला, आणि तिथून कडेकडेनं सरकत चाचांच्या कलमांत घुसला. आम्ही ओल्या गोणपाटांनी झोडपत होतो. गुरुजींची बाही जळाली तरी ते मागे हटले नाहीत. कैऱ्यांनी लगडलेली कलमं आमच्या डोळ्यांदेखत करपली. चाचांनी हेल्मेट काढलं.

"बघ," ते मला म्हणाले, "तुझ्या पट्ट्यावर कशी थांबली. काम चांगला झाला."

मला रडू आवरेना. तेवढ्यात बंब पोचला. चाचांनी त्याच्या मागच्या बाजूला जाऊन बघितलं आणि म्हणाले, "आता पायप बरोबर हाय."

श्रावणात चाचा गेले. झोपेतच, कुणाला काही तोशीस न देता.

पौषात चाची माझ्याकडे हेल्मेट आणि पावडरचा डबा घेऊन आल्या. आम्ही सड्यावर जमलो. गुरुजींनी या वेळी बंबाला आधीच कळवलं होतं. बंबावरचे ते दोघे पाइप सज्ज ठेवून उभे होते. करपलेल्या कलमांच्या थोटकांपैकी काहींना तांबूस पालवी फुटली होती. मी चाचांच्या कुंपणाकडे वळलो.

"तिकडं कुठं?" चाची म्हणाल्या. "ते असते तर पयला तुमचा पट्टा म्हनाले असते."

"ते नाहीत, म्हणून तर आज माझं ऐकायचं," मी म्हणालो.

हेल्मेट माझ्या डोळ्यांवर घसरत होतं. मी डबा बडवला, साप, ससे, लावे यांना रीतसर नोटीस दिली. गवत हललं नाही.

"पाठ फिरवा की," चाची म्हणाल्या.

गुरुजींनी, बंबावरच्या त्या दोघांनी, आम्ही सगळ्यांनीच गवताकडे पाठ केली. मागे काहीतरी खसखसलं. कुणीही वळून बघितलं नाही.