ताईंची पांढरी पाटी

ताई भर उन्हात काळे कपडे घालून शेतात यायच्या. पाऊस सरल्यानंतरचं परभणीचं ऊन, त्यातही दुपारचं. आम्ही बायका लिंबाच्या सावलीत भाकरी सोडायला निघायचो तेव्हा त्या उलट्या दिशेने तुरीत शिरायच्या. काळा कुर्ता, काळी सलवार, डोक्याला काळा रुमाल. बायका आपसात बोलायच्या. एक म्हणाली, काहीतरी नवस असेल. दुसरी म्हणाली, असला कसला नवस, चांगल्या पोरीने रोज काळं घालायचा?

शेवटी गयामावशीने तोंडावर विचारलं. गयामावशी आमच्यातली सगळ्यात वयाची. तिचं घर माझ्या घराला लागून आहे. ती म्हणाली, "काय गं लेकी, शनी लागलाय का मागं?"

ताई हसल्या. "शनी नाही मावशी, उजेड लागलाय मागं." मग त्यांनी सांगितलं, की रंगीत कापडावरून उजेड उडतो आणि झाडावर पडतो. उजेड मोजायच्या मशीनला वाटतं तो झाडाचाच. काळं कापड उजेड गिळून घेतं, म्हणून काळं. आमच्या लाल-पिवळ्या लुगड्यांनी त्यांच्या ओळीजवळ जायचं नाही, ही बंदी त्या दिवसापासून लागली.

पोखर्णीच्या रस्त्याला संशोधनाचं शेत आहे, तिथे मी रोजाने जाते. त्यात तुरीचा एक तुकडा मुद्दाम आजारी ठेवलेला आहे. त्या मातीत मर रोग आहे. दरवर्षी तिथेच तूर पेरतात आणि कोणतं वाण टिकतं, कोणतं जातं ते बघतात. मर लागलेलं झाड वरून हिरवंगार असतं, आणि फुलात आलं की चार दिवसांत उभं वाळतं. ताईंना ते वाळायच्या आधी ओळखायचं होतं. त्याचाच अभ्यास करून त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, माणसांचे नाही, शिक्षणातले.

त्यांचं म्हणणं होतं, की आपल्या डोळ्याला न दिसणारा एक उजेड असतो. निरोगी पान तो भरपूर परत फेकतं आणि आजारी पान कमी फेकतं, रंग हिरवा असला तरी. बायकांना हे पटेना. मग एका दुपारी त्यांनी टीव्हीचा रिमोट आणला. त्याच्या तोंडाकडे बघा म्हणाल्या आणि बटण दाबलं. काही दिसलं नाही. मग मोबाईलचा कॅमेरा धरला आणि तेच बटण दाबलं, तर मोबाईलमध्ये रिमोटच्या तोंडाशी बारीक दिवा लागलेला दिसला.

"मंग इतके दिस ह्यो उजेड कुठं व्हता?" गयामावशीने विचारलं.

"इथंच होता की."

"म्हंजी आमच्या म्हाताऱ्यावाणी. हाय बी, अन् कामाला दिसत बी न्हाई."

ताई हसून हसून खाली बसल्या. "डोळ्याला काय कळतंय, मावशी," असं म्हणाल्या. हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. कुणी म्हणालं, ताई, हे झाड तर चांगलं दिसतंय, की त्या म्हणायच्या, डोळ्याला काय कळतंय.

त्यांनी हाताखाली मला घेतलं. मी फार बोलत नाही, चार माणसांत तर माझा आवाजच फुटत नाही. सगळे त्याला नावं ठेवतात. ताई म्हणाल्या, "मथुरावहिनी, मला न बोलणारं माणूस पाहिजे. आकडे मोजताना कुणी बोललं की माझं चुकतं." मलाही एक काळा सदरा दिला. मी लुगड्यावर तो घालायची आणि त्यांच्या मागे पेटी धरून उभी राहायची. माझी सावली झाडावर पडू नये म्हणून त्या मला खांद्याला धरून फिरवायच्या, लहान मुलीला फिरवतात तसं.

मशीनपेक्षा त्यांचा जीव एका पांढऱ्या पाटीवर होता. हातभर नाही, वीतभर. दुधाच्या साईसारखी पांढरी. प्रत्येक ओळीला आधी त्या पाटीवर मशीन धरायचं आणि मगच झाडावर. "आधी पांढरं, मग हिरवं," असं त्या पुटपुटायच्या. ती पाटी पडलेला सगळा उजेड परत फेकते, म्हणून तिच्याशी ताडून बघितल्याशिवाय झाडाचा आकडा खरा धरत नाहीत. तिला बोट लावायचं नाही. बोटाचा घाम, तेल ती पिऊन घेते. ती मऊ कापडात गुंडाळून पेटीत, पेटी गोदामाच्या कपाटात, असा तिचा थाट होता.

ते त्यांचं तिसरं वर्ष होतं. पहिल्या वर्षी ढगांनी काही मोजू दिलं नाही. दुसऱ्या वर्षी चांगलं झालं, पण एका वर्षाचं धरत नाहीत, दोन वर्षांचं एकमेकांशी जुळावं लागतं. मशीन हैदराबादच्या मोठ्या संस्थेचं होतं आणि हंगाम संपला की परत जाणार होतं. त्यांचे वडील पालमला शाळेत कारकून होते. त्यांनीही सांगून ठेवलं होतं, यंदा झालं तर झालं, नाहीतर घरी ये, स्थळं थांबवून ठेवलीत. ताई मला म्हणाल्या होत्या, "वहिनी, यंदाचा फुलोरा हातचा गेला तर मी संपले." हसत म्हणाल्या नव्हत्या.

खंडेनवमीला ताई घट उठायचे म्हणून पालमला गेल्या. मीही घरीच होते. शेतावर त्या दिवशी दरसाल अवजारांची पूजा होते. नांगर, फवारे, विळे, खुरपी धुऊन पुसतात, गंजू नये म्हणून तेलाचा हात फिरवतात आणि हळद-कुंकू वाहतात. मुकादमाने गोदाम उघडून दिलं, यंदा आतलं कपाटही. पूजा गयामावशीच्या हाताने होते.

दसरा झाल्यावर ताई आल्या. आम्ही पेटी घेऊन तुरीत गेलो. तूर फुलावर आली होती, आभाळ धुतल्यासारखं होतं. त्यांनी कापड सोडलं आणि त्यांचे हात तसेच थांबले. पाटीवर मधोमध हळदीचं बोट होतं, त्यावर कुंकू, आणि काठाला झेंडूची पाकळी चिकटलेली. ताईंनी पाटी नाकाशी नेली.

"तेल," त्या म्हणाल्या.

गयामावशी बांधावरून बघत होती. तिचा चेहरा खुलला होता. "सगळ्यात आधी तुझ्या पाटीला लावलं बरं का. करडीचं, घाण्यावरचं. इळ्याला मागून. तुझा जीव हाय न् तिच्यावर, म्हनलं देवाची नजर पडू दे."

मला वाटलं आता ताई ओरडतील. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं केलं मावशी." आणि हौदाकडे चालू लागल्या. मी मागे गेले.

हौदाच्या नळाखाली त्यांनी पाटी धरली आणि बारीक पॉलिश पेपरने घासायला लागल्या. घासत राहिल्या. मी म्हणाले, "मी घासते, तुमचे हात सोललेत." त्या म्हणाल्या, "नको. तुम्ही जोर लावाल." पांढरी भुकटी पाण्याबरोबर वाहून जात होती. कुंकू गेलं. हळद राहिली, ती उन्हात ठेवून उडवली. संध्याकाळपर्यंत पाटी पुन्हा पहिल्यासारखी पांढरी झाली. मला इतकं बरं वाटलं की मी बोलूनच गेले, "गेलं की सगळं."

दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आल्यावर त्यांनी मशीन पाटीवर धरलं. लॅपटॉपवर एक रेघ येते. पाटीची रेघ सरळ यायला पाहिजे. ती आली सरळ, आणि पुढे एका जागी खाली बसली, पुन्हा वर आली, पुन्हा बसली. ताईंनी त्या खड्ड्यावर बोट ठेवलं.

"हे तेल आहे. आत मुरलंय. आपल्याला दिसत नाही, ह्याला दिसतंय." थोड्या वेळाने म्हणाल्या, "डोळ्याला काय कळतंय." ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही.

त्यानंतर त्या फोनच करत राहिल्या. लिंबाखाली उभ्या राहून, एका हाताने डोकं धरून. पुण्याला, हैदराबादला. जिथे तशी पाटी होती तिथे त्यांचाही हंगाम चालू होता. नवी परदेशातून यायची, ती तूर कापल्यावर आली असती. त्यांचा अभ्यास बघणाऱ्या सरांना फोन केला तेव्हा मी जवळच होते. "सर, फुलं गळायला लागलीत. सर, झाडं थांबत नाहीत ना." एवढंच म्हणत होत्या. भाकरी खात नव्हत्या. मी डब्यातलं पिठलं पुढे केलं तर घास घेऊन तसाच हातात धरून बसायच्या.

एके दिवशी त्या परभणीहून नळ जोडणाऱ्या लोकांची पांढरी टेप घेऊन आल्या, पिशवीभर. म्हणाल्या, पाटी ज्याची केलेली असते तेच ह्यात असतं. फरशीच्या तुकड्यावर ती गुंडाळायची, थरावर थर, मध्ये हवा राहू द्यायची नाही. ती टेप इतकी पातळ की वाऱ्याने उडायची. आम्ही दोघी गोदामात दार लावून, घामाघूम होऊन गुंडाळत बसलो. ताई पुन्हा पुटपुटायला लागल्या, आधी पांढरं, मग हिरवं. रेघ पहिल्यासारखी नाही, पण बरीच सरळ आली. उरलेला फुलोरा आम्ही त्यावर मोजला. सुटीही घेतली नाही. दिवाळीत सगळं शेत रिकामं, आणि आम्ही दोघी काळे सदरे घालून तुरीत.

त्यांनी आपली काळी ओढणी फाडून चिंध्या केल्या आणि मशीनवर ज्यांचा उजेड कमी आला त्या झाडांच्या बुडाला बांधल्या. मला म्हणाल्या, "ही जाणार." मी बघितलं, झाडं पिवळ्या फुलांनी लगडलेली होती, मधमाशा फिरत होत्या. चिंधी नसलेल्या शेजारच्या झाडापेक्षा एक तर जास्त भरलेलं होतं. तेच सगळ्यात आधी वाळलं. मग एकेक करून बाकीची. दोन-तीन सोडली तर सगळी चिंधीवालीच. ताई रोज सकाळी ओळीत शिरायच्या आणि मेलेलं झाड दिसलं की त्यांच्या तोंडावर आनंद यायचा. तो बघून मला भीती वाटायची.

सर आले. भला माणूस. ताईंनी त्यांना प्रत्येक झाडापाशी नेलं, खाली बसून चिंध्या दाखवल्या. मग लॅपटॉप उघडला. सरांनी बराच वेळ दोन्ही वर्षांच्या रेघा एकावर एक ठेवून बघितल्या. म्हणाले, "हे एकमेकांवर बसत नाही, बाळ. पाटी बदललीस की आकड्याचा पाया बदलला."

"पण सर, झाडं मेली ना."

"मला पटतंय. मला पटून काय होतं? उद्या परीक्षक विचारेल, टेपवर मोजलं का, तर काय सांगशील?"

सर गेल्यावर ताई तुरीत जाऊन बसल्या. त्या दिवशी अंगावर पिवळा ड्रेस होता, सर येणार म्हणून घातलेला. ओळीत पिवळं कापड शिरलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. मी जवळ जाऊन बसले. मला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी त्यांची पाठ चोळत राहिले. त्या म्हणाल्या, "वहिनी, मावशीला कधी सांगू नका. ती जीव देईल."

मशीन पेटीत भरून गेलं. त्यानंतर ताई निघाल्या. गयामावशी आणि मी फाट्यापर्यंत सोडायला गेलो. एस.टी. लांबून दिसायला लागली तेव्हा मावशीने त्यांचा हात धरला. "माझ्या पूजेचा गुन आला का गं?"

"आला, मावशी."

"मला वाटलंच. मोठी झालीस तर इसरू नगंस."

ताई वाकून तिच्या पाया पडल्या. मग माझ्याकडे बघितलं आणि गाडीत चढल्या. पालमला गेल्या, एवढं मला माहीत आहे. पुढे लग्न होऊन गंगाखेडकडे दिल्या, असं मुकादम म्हणाला. फोन त्यांचा लागत नाही. नंबर बदलला असेल.

गयामावशी अजून आहे. येईल त्याला सांगते, एक पोरगी आमच्या शेतावर शिकली, माझ्या हाताने पूजा झाली आणि ती डॉक्टर झाली. मला साक्षीला धरते. "इचार मथुरीला." मी मान हलवते. हे कुणाला बोलता येत नाही म्हणून लिहिलं. मावशीला वाचता येत नाही.

त्या तुकड्यात यंदाही तूर पेरली आहे. काल आम्ही दोघी शेजारशेजारच्या ओळीत खुरपत होतो. मावशी कंबर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "लय झ्याक आलंय बग औंदा. एक झाड वंगाळ न्हाई."

मी वर बघितलं. सगळं हिरवं होतं, टोकापर्यंत. पूर्वी असं रान बघितलं की पोटात गार वाटायचं. मी एकेका झाडाकडे बघत राहिले आणि मला कळेना, यातली कोणती गेलेली आहेत.