पडद्याच्या अलीकडे

ताई, सहार विमानतळावर सगळे निरोप देत होते, तेव्हा आईनं मला खांबामागे ओढलं. मला वाटलं, लोणच्याच्या बरणीबद्दल काही सांगायचं असेल. ती म्हणाली, "बायकांचं काही झालं तर अंगावर काढू नकोस. मी काढलं." एवढंच. मग पदर सारखा करून ती पुन्हा तुमच्यात जाऊन उभी राहिली. वर्ष उलटलं आणि ती गेली. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, हे तू मला फोनवर सांगितलंस, तेही आवाज खाली आणून.

सुधीरच्या बँकेनं आम्हाला इथे टोकियोत, निशी-कसाई भागात घर दिलं होतं. त्या काळी तिथे आपली माणसं अगदी मोजकी. कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा, हे शिकण्यातच माझे सुरुवातीचे महिने गेले. आई गेल्यावर मात्र मी हट्टानं दवाखाना गाठला. जपानी येत नव्हतं, म्हणून सुधीर दुभाष्या. इथे तपासणीच्या खुर्चीवर बसलं की कमरेपाशी पडदा ओढतात, बाईला संकोच वाटू नये म्हणून. पलीकडच्या डॉक्टरांचा नुसता आवाज येतो. रिपोर्ट नॉर्मल आला. मी देवापुढे साखर ठेवली. सुटले, असं वाटलं.

पुढच्या वर्षीच्या तपासणीनंतर डॉक्टर बराच वेळ बोलले, तेही सुधीरकडे बघून. सुधीरनं मला एका वाक्यात सांगितलं, "थोडी सूज आहे, परत यायचंय." नवऱ्याचं खोटं बोलणं कळायला काही जपानी यावं लागत नाही. घरी आल्यावर मी खनपटीलाच बसले. शेवटी तो म्हणाला, "पेशी बदलल्यात. कॅन्सर नाही, पण पुढे होऊ शकतो. एका विषाणूमुळे होतं हे. तो संबंधातून येतो. तुला वाटलं असतं, की मी..."

आणि ताई, वाटलंच. त्याच्या ऑफिसच्या पार्ट्या, उशिरा येणं, सगळं मी मनात उकरून काढलं. तो शपथा घेत होता. मी त्याचं ताट वाढत होते, पण बोलत नव्हते.

पुढच्या खेपेला मी एकटीच गेले. मोडक्यातोडक्या जपानीत आधी पडदा सारायला सांगितला. नर्स गोंधळली, पण डॉक्टरांनी तो सारला. पलीकडे एक थकलेले, साधे गृहस्थ बसले होते. मी विचारलं, गेल्या वर्षी नॉर्मल कसं आलं? आणि हा विषाणू आला कुठून? त्यांनी चित्र काढत सावकाश सांगितलं. घेतलेल्या नमुन्यात बिघडलेली पेशी येईलच असं नाही, म्हणून एका चाचणीवर भिस्त न ठेवता ती ठरावीक काळानं करत राहायची. विषाणू तर वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलीच तपासणी सांगत नाही.

म्हणजे सुधीर सुटलाही नाही आणि अडकलाही नाही. बिघडलेला भाग काढला, मी बरी झाले. त्याच्यासोबत राहायचं मात्र खात्रीशिवायच ठरवावं लागलं. ठरवलं. माझ्या अंगाचं आधी मला कळलं पाहिजे, एवढी अट घातली. अजूनही कधीतरी मनात पाल चुकचुकते, आणि मी त्याला तसं सांगते.

आता घर कुठलं, असं तू विचारतेस. आपलं घर फार आठवतं गं. पण त्याच घरात आपल्या दोघींची आजारपणं काढणारी आई स्वतःचं दुखणं लपवून वावरली. इथल्या या लहानशा खोल्यांत निदान बोललं तरी जातं. म्हणून मी आता यालाच घर म्हणते.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मला काही त्रास नाही, मी कशाला जाऊ?" त्रास मलाही नव्हता. आईला आपण कधी विचारलं नाही. तुला मी विचारतेय. ताई, कधी जातेस?