बापाच्या कानावर

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर पोचलं की मामा चाकाच्या ब्रेकवर पाय ठेवायचे, डोक्यावरची टोपी काढायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, एक मिंट. बापाच्या कानावर घालतो."

मामा ख्रिस्ती. बाप म्हणजे वरचा, आकाशातला. आत डॉक्टर हात धुऊन खोळंबलेले, आणि आमचे वॉर्डबॉय दारात डोळे मिटून उभे! वॉर्डबॉय आपलं नावापुरतं. मिश्या पांढऱ्याशुभ्र झालेल्या. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि सोमवारपासून माझ्या डोक्याला ताप द्यायचे. कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात मी नर्स, आणि डोकं माझं मुळातच गरम.

बरं, प्रार्थना तरी मनातल्या मनात करावी! छे. "देवा, ही बाई चार लेकरांची आई हाय. लक्ष हाय न्हवं तुझं? मागल्या टायमाला जरा उशीर केलतास." स्ट्रेचरवरची बाई रडता रडता हसायची. तुम्हीच सांगा, अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

एकदा विचारलं, "मामा, तुम्हाला भीती कशी वाटत नाही?"

"मी लई भित्रा की! कारभारीण गेली तवा घर खायला उठलं. चर्चात मागल्या बाकावर जाऊन बसाय लागलो. तीन रविवार नुसता बसलो. चौथ्या रविवारी आपसूक गायला लागलो. तवापासनं सगळं त्येच्यावर टाकतो, आन् मी नुसतं स्ट्रेचर ढकलतो."

मग एक दिवस त्यांचंच ऑपरेशन ठरलं. हृदयाचं. स्ट्रेचरवर मामा, ढकलायला मी. दाराशी आलो. मी वाट बघत राहिले.

"सिस्टर, शब्दच सुचंनात. आज तुम्ही घाला की कानावर."

"मी? अहो, मी दर शुक्रवारी अंबाबाईला जाणारी. तुमच्या देवाशी बोलायचं कसं?"

"माझ्याशी भांडता तसं."

मी ब्रेकवर पाय ठेवला आणि डोळे मिटले. "हे बघा, हा माणूस रोज दुसऱ्यांसाठी तुमच्या दारात उभा राहतो. आज स्वतःसाठी त्याला बोलता येईना. पेशंट तुमचा आहे, सांभाळा. आणि उशीर चालणार नाही, आधीच सांगून ठेवते!"

स्ट्रेचर गदागदा हलायला लागलं. बघते तर मामा हसत होते, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "बास, बास! पोचलं. घ्या आत."

खडखडीत बरे झाले. निवृत्त होऊन मलकापूरला लेकीकडे राहायला गेले. दर रविवारी उपासना झाली की फोन येतो, "उद्या कुणाकुणाचं हाय? नावं सांगा." मी सांगते. सांगितलं की मलाच हलकं वाटतं.

त्यांच्या जागी आलेला गडी भलता चटपटीत आहे. परवा एका घाबरलेल्या आजोबांना घेऊन तो सुसाट दाराशी आला. आतून डॉक्टर हाका मारत होते. मी ब्रेकवर पाय दिला.

"एक मिंट," मी म्हणाले, आणि डोक्यावर नसलेली टोपी काढायला माझा हात वर गेला.