सासरे, कॉम्प्युटर आणि दुपारचा चहा

सांगायला लाज वाटते, कारण मी स्वतः आयटी सपोर्टमध्ये आहे. लोकांना "बंद करून परत चालू करा" सांगण्यावरच माझं पोट भरतं. भूतखेत, करणी असल्या गोष्टींना आमच्या बौद्ध घरात थारा नाही, त्यात सासूबाई निवृत्त विज्ञानशिक्षिका! तरीही हे घडलं... खडकीत, सासूबाईंच्या घरी, भरदुपारी.

माझे सासरे कारखान्यात मशीनवर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी डेस्कटॉप घेतला आणि त्यालाही कारखान्याची शिस्त लावली. दुपारी कॅबिनेटवर तळहात ठेवायचे, "तापलाय गडी" म्हणायचे आणि सरळ बंद करायचे. तेवढ्यात सासूबाईंची हाक यायची – "अहो, चहा!"

मी एकदा म्हटलं, "बाबा, आताच्या मशीनना विश्रांती लागत नाही हो."

"जावईबापू, मग तुम्ही रविवारी दहाला का उठता?"

मागच्या वर्षी बाबा गेले. ती हाकही बंद झाली.

त्या कॉम्प्युटरवर माझी बायको शलाका तिच्या पीएचडीचे नकाशे करायची. सॉफ्टवेअर त्या एकाच मशीनवर होतं. सबमिशनच्या शेवटच्या दिवशी तिने सकाळीच सगळे नकाशे एका फाइलमध्ये काढायला लावले. मध्येच बंद केलं तर सगळं पहिल्यापासून! आणि दुपारी मशीन तापलं, रखडलं. माउस हलवला की बाण चहा पिऊन आल्यासारखा सावकाश हलायचा.

मी बाकीचे प्रोग्रॅम बंद केले. आदल्याच दिवशी धूळ काढली होती, प्रोसेसरवरची उष्णता ओढणारी पेस्ट बदलली होती. शेवटी कॅबिनेट उघडून समोर टेबलफॅन लावला. तापमानाचा आकडा लालच! आतला पंखा नुसता कोकलत होता.

"ऑफिसात तरी काय करतोस रे तू?" शलाका म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. "आज नाही गेलं तर इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात..."

सासूबाई बाहेर आल्या. लेकीकडे पाहिलं. मग बाबांसारखाच कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि कडाडल्या, "अहो, पुरे झालं आता! पोरीचा जीव टांगणीला लागलाय. चहा टाकलाय, या मुकाट्यानं!"

बोलल्या आणि स्वतःच दचकल्या. पदर तोंडाला लावला.

पंखा शांत झाला... माझ्या डोळ्यांदेखत आकडा खाली आला. स्क्रीनवर अडकलेली कामाची निळी पट्टी सरसर पुढे गेली, फाइल तयार झाली, संध्याकाळच्या आत अपलोडही झाली. शलाकाने आईला अशी मिठी मारली की मला कुणी विचारेना.

टेबलावर सासूबाईंनी बाबांच्या कपात ओतलेला चहा होता. तो कुणी प्यायला नाही, हे आधीच सांगतो.

नंतर मी मशीनमधल्या सगळ्या नोंदी तपासल्या, व्होल्टेज पाहिलं. काही सापडलं नाही.

"धूळ असेल," सासूबाई म्हणाल्या.

"धूळ काढली होती, आई."

"मग नीट काढली नसेल तुम्ही."

आता शलाका डॉक्टर झाली आहे. सासूबाई मात्र रोज दुपारी त्या खोलीच्या दारात उभ्या राहून "अहो, चहा!" म्हणतात. हा प्रयोग आहे, निरीक्षण चालू आहे, असं त्यांचं म्हणणं. वर्षभर न हसलेली बाई हे सांगताना चक्क लाजते. कॉम्प्युटर त्यानंतर एकदाही रखडलेला नाही.

कुणाला कारण ठाऊक असेल तर जरूर सांगा. दुरुस्ती मात्र सुचवू नका.